श्रद्धाळू ख्रिस्ती क्लायंटना माइंडफुलनेस सुचवावे की नाही?

सायली_इंदूर

इंदुरात समुपदेशनाचे काम करताना ज्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला सहकाऱ्यांकडून मिळालेले नाही, तो येथे मांडत आहे. चिंता आणि पुन्हा पुन्हा उलटणारे नैराश्य यांवरच्या उपचारांत माइंडफुलनेसवर आधारलेल्या पद्धतींना आता मोठे स्थान मिळाले आहे. श्वासाकडे लक्ष देणे, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत शरीरातील संवेदना क्रमाने अनुभवत जाणे, मनात आलेला विचार चांगला की वाईट हे न ठरवता तो आला आणि गेला एवढेच टिपणे, हे सारे आमच्या प्रशिक्षणात इतके गृहीत धरलेले असते की समोरच्या माणसाच्या श्रद्धेला ते रुचेल का, हे विचारण्याची रीतच उरलेली नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांत ख्रिस्ती कुटुंबेही असतात. काही केरळमधून आलेली कॅथलिक, काही झाबुआकडची आदिवासी, तर काही आपली मराठी, ज्यांच्या मागच्या पिढ्या नगरकडून इकडे आल्या. त्यांतील बऱ्याच जणांचा दिवस पवित्र शास्त्राच्या वाचनाने सुरू होतो आणि प्रार्थनेने संपतो. कोणी स्पष्टपणे म्हणते, ‘ताई, हे ध्यान आमच्यात चालत नाही,’ तेव्हा मी दुसरा मार्ग घेते आणि अडचण राहत नाही. अडचण होते ती मान डोलावणाऱ्यांची. ते सेशनमध्ये डोळे मिटून बसतात, घरी सराव करत नाहीत आणि काही आठवड्यांनी येणेच थांबवतात.

तेव्हा प्रश्न असा, की श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाला ही पद्धत सुचवावीच का, आणि सुचवायची तर कशी? समुपदेशक, उपचार घेतलेले लोक आणि स्वतः ख्रिस्ती असलेले सदस्य यांनी मोकळेपणाने लिहावे.

राजवाडा_७७

श्वास कोणत्याही धर्माचा नसतो. रक्तदाबाची गोळी देताना आपण रुग्णाचा धर्म विचारत नाही, मग लक्ष एकाग्र करण्याचा व्यायाम देतानाच का विचारावा? ज्या पद्धतीचा उपयोग संशोधनाने सिद्ध झाला आहे, ती श्रद्धेच्या संकोचापायी मागे ठेवली, तर नुकसान क्लायंटचेच होईल, असे मला मनापासून वाटते.

शालोम_इंदूर

राजवाडाजी, आपला हेतू चांगला आहे हे मान्य करूनही मी असहमत आहे. मी मराठी ख्रिस्ती आहे आणि आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ साली इंदुरात काम सुरू केले, त्या परंपरेतली. गोळी गिळणाऱ्या माणसाला आपल्या मनाचे काही करावे लागत नाही. येथे मात्र त्याला त्याच मनाकडे एका विशिष्ट दृष्टीने पाहायला शिकवले जाते, ज्या मनाने तो प्रार्थना करतो, म्हणून ही तुलना मला पटत नाही.

आमच्यातल्या श्रद्धाळू माणसाला नेमके काय खटकते, ते सांगते. मत्तयाच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात, येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे: अशुद्ध आत्मा माणसातून निघून जातो, परत येऊन पाहतो तो घर रिकामे, झाडलेले आणि नीटनेटके असते, मग तो स्वतःहून वाईट असे आणखी सात आत्मे घेऊन तेथे राहायला येतो. ज्याने लहानपणापासून रविवारच्या शाळेत हे ऐकले आहे, त्याला ‘मन रिकामे करा’ असे शब्द ऐकू आले की भीती वाटणारच. आमच्याकडे मनन म्हणजे मन वचनाने भरणे. पहिल्या स्तोत्रातला धन्य पुरुष रात्रंदिवस नियमशास्त्राचे मनन करतो आणि यहोशवालाही तशीच आज्ञा आहे. दुसरी गोष्ट विचारांची. प्रत्येक विचार ख्रिस्ताच्या अधीन करावा, असे पौल करिंथकरांना लिहितो. मग द्वेषाचा किंवा वासनेचा विचार आला असता ‘तो केवळ विचार आहे, त्याला नाव ठेवू नका’ असे समुपदेशकाने सांगितले, तर ऐकणाऱ्याला वाटते की पश्चात्तापाची जागाच काढून घेतली जात आहे.

आणखी एक गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. आम्ही या शहरात संख्येने फार थोडे आहोत. क्लिनिकमध्ये मंद आवाजात ओंकाराची ध्वनिफीत चालू असेल, भिंतीवर पद्मासनातले चित्र असेल आणि समोर आदराने बोलणाऱ्या, शिकलेल्या हिंदू ताई असतील, तर आमच्यातील बाई ‘नको’ म्हणत नाही. ती ‘बरं’ म्हणते आणि पुढच्या वेळी येत नाही. सायलीताईंना जे दिसले, त्याचे कारण बहुतेक हेच असावे.

नवलखाकर

मी अनेक वर्षे क्लिनिकल सायकॉलॉजीचे काम करून निवृत्त झालो आहे. ‘माइंडफुलनेस’ या एका नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय ही चर्चा पुढे जाणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकालीन दुखण्यांच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्यात रोजचा दीर्घ सराव, शरीराचे क्रमाने निरीक्षण आणि हठयोगातल्या सौम्य हालचाली असतात. ते स्वतः झेन आणि विपश्यना या परंपरांत शिकलेले होते, परंतु कार्यक्रमाची भाषा त्यांनी जाणीवपूर्वक वैद्यकीय ठेवली. पुढे सीगल, विल्यम्स आणि टीझडेल यांनी त्याला कॉग्निटिव्ह थेरपीची, म्हणजे विचारांच्या सवयी तपासून बदलणाऱ्या उपचाराची, जोड देऊन नैराश्य पुन्हा उलटू नये यासाठी वेगळी पद्धत तयार केली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ज्यांना नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेले होते, त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्के होते, तर या पद्धतीने ते ३७ टक्क्यांवर आले. ज्यांना दोनच झटके आले होते, त्यांना मात्र असा लाभ दिसला नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००४ मध्ये या पद्धतीची शिफारस केली, तीही तीन किंवा अधिक झटके आलेल्यांसाठीच. म्हणजे ‘संशोधनाने सिद्ध’ हे खरे आहे, पण ते कोणत्या रुग्णासाठी, हे त्याबरोबरच सांगावे लागते.

तिसरी पद्धत मार्शा लाइनहन यांची डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी. लाइनहन स्वतः कॅथलिक, आणि झेनचे शिक्षणही घेतलेल्या. त्यांच्या पद्धतीतील सजगतेची कौशल्ये लहान लहान आहेत आणि त्यांसाठी तासन्‌तास बसावे लागत नाही. चौथी अॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, जिच्यात आपल्या आयुष्यात कशाला मोल आहे हे क्लायंटच ठरवतो आणि त्या दिशेने पाऊल टाकायला शिकतो. तेथे एखादी ख्रिस्ती स्त्री ‘मला प्रभूच्या इच्छेप्रमाणे जगायचे आहे’ असे म्हणाली, तर थेरपीची दिशा तीच होते. माझ्या अनुभवात श्रद्धाळू लोकांना पहिल्या दोन पद्धतींपेक्षा शेवटच्या दोन पद्धतींत कमी अवघडल्यासारखे होते.

विश्वामित्रीकाठ

बडोद्याहून लिहीत आहे. मी कॅथलिक आहे आणि आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चच्या समुदायात, आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या कामात मदत करते. शालोमताईंनी जे लिहिले, त्यातल्या वेदनेशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु ख्रिस्ती परंपरेत शांत बसणे परके आहे असा जो समज त्यातून होऊ शकेल, त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या ख्रिस्ती संन्याशाने मनात येणाऱ्या विचारांचे आठ प्रकार वर्णिले, ते कसे येतात, कशाच्या पाठोपाठ येतात हे बारकाईने पाहायला शिकवले. पूर्वेकडील मंडळींत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही प्रार्थना श्वासाच्या लयीत म्हणण्याची परंपरा शतकानुशतके चालत आली आहे. बाराव्या शतकातल्या दुसऱ्या गिगो या मठवासीयाने शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी निःशब्दपणे देवाच्या सान्निध्यात राहणे. जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या संत इग्नेशियसने दिवसाच्या शेवटी दिवसभरातल्या मनाच्या हालचाली देवासमोर आठवण्याची साधना दिली, ती आजही आमच्या घरी होते. आणि येथे भारतात, मुंबईत जन्मलेल्या फादर अँथनी डिमेलो या जेझुइटांनी शरीराच्या संवेदनांकडे लक्ष देण्यापासून प्रार्थनेची सुरुवात करायला हजारो धर्मगुरूंना आणि सिस्टरांना शिकवले.

अर्थात हेही सांगायला हवे की, डिमेलोंच्या काही लेखनाबद्दल व्हॅटिकनने १९९८ मध्ये सावधगिरीची सूचना काढली. त्याआधी १५ ऑक्टोबर १९८९ रोजी कार्डिनल रॅट्झिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांच्या सहीने ख्रिस्ती ध्यानाबद्दल बिशपांना एक पत्र गेले होते. ते पत्र सरसकट बंदी घालत नाही. इतर धर्मांच्या पद्धतींतले उपयोगी ते घ्यावे, पण प्रार्थनेची ख्रिस्ती कल्पना झाकली जाऊ नये, असे ते म्हणते. शारीरिक व्यायामाने आपोआप येणारी शांतता म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेले सांत्वन असे मानणे चूक आहे, असाही इशारा त्यात आहे. मला तो इशारा समुपदेशकांसाठी अत्यंत उपयोगी वाटतो, कारण त्यामुळे दोन्ही गोष्टी आपापल्या जागी राहतात. व्यायाम हा व्यायाम, प्रार्थना ही प्रार्थना.

लष्करची_शिक्षिका

ग्वाल्हेरला मराठी शिकवते, म्हणून मला येथे रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले. १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तन उभे केले आणि तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे ते मानत. वारकऱ्यांचे रूप घेऊन ख्रिस्ताची भक्ती करता येते, तर बौद्धांच्या निरीक्षणाचे रूप घेऊन ख्रिस्ती माणसाला आपली चिंता का शमवता येऊ नये?

शालोम_इंदूर

ताई, टिळकांची भजने आमच्या उपासनेत आजही गायली जातात, त्यामुळे आपण त्यांची आठवण काढलीत याचा आनंद झाला. पण टिळकांनी ते रूप स्वतः निवडले. अभंग त्यांच्या रक्तात होता, त्यांनी तो पूर्ण जाणून ख्रिस्ताच्या चरणी वाहिला आणि त्यावरची टीकाही स्वतः सोसली. नैराश्याने खचलेली, रात्र रात्र न झोपलेली एखादी बाई दुसऱ्याच्या खोलीत, दुसऱ्याच्या सूचनेवरून डोळे मिटते, तेव्हा तिला ही निवड करण्याची ताकद आणि अवधी कुठे असतो? टिळकांचे उदाहरण घ्यायचेच असेल, तर निवड त्या माणसाने स्वतः केली पाहिजे, एवढेच त्यातून घ्यावे.

विश्वामित्रीताई, आपण सांगितलेली परंपरा मोलाची आहे. तरीही आमच्यासारख्या प्रोटेस्टंट घरांत किंवा पेंटेकोस्टल मंडळींत मठवासीयांचा दाखला दिल्याने कोणाचे समाधान होत नाही. तेथे ‘शास्त्रात कुठे आहे?’ असेच विचारतात. अशा वेळी मी १ राजे, अध्याय १९ दाखवते. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडुपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही, खायला देतो, झोपू देतो आणि पुन्हा खायला देतो. शरीराची काळजी घेणे हा अविश्वास नव्हे, हे आमच्या लोकांना या अध्यायातून लगेच पटते.

महूकर

मी बौद्ध आहे. बाबासाहेबांचा जन्म जेथे झाला, त्या महूत आमचे घर आहे. या चर्चेत आमच्या बाजूचा एक मुद्दा राहून जाऊ नये, म्हणून लिहितो.

बुद्धांच्या सतिपट्ठान सुत्तात श्वास, संवेदना, चित्त आणि धम्म यांचे जे निरीक्षण सांगितले आहे, ते शील आणि प्रज्ञा यांच्यापासून सुटे केलेले नाही. दुःखमुक्तीच्या मार्गाचा तो भाग आहे. त्यातले एक अंग घेऊन कोणी रुग्णांना आराम देत असेल तर माझा आक्षेप नाही, करुणेचे काम आहे. परंतु ‘याचा बौद्ध धम्माशी काही संबंध नाही’ असे जे सांगितले जाते, ते मला मनापासून खटकते. त्यात आमच्या परंपरेचा ऋणनिर्देश पुसला जातो, आणि ज्या ख्रिस्ती बंधुभगिनींना हे जाणून घ्यायचे आहे त्यांनाही अंधारात ठेवले जाते. उद्या त्यांना इंटरनेटवर हा इतिहास कळला, तर समुपदेशकावरचा विश्वास जाईल. श्रद्धा बदलण्याचा निर्णय किती विचारपूर्वक घ्यावा लागतो, हे आम्ही १४ ऑक्टोबर १९५६ पासून जाणतो. म्हणून कोणाच्याही श्रद्धेत न सांगता काही शिरवू नये, असे मी आमच्या बाजूनेही म्हणतो.

राजवाडा_७७

महूकरजींचा मुद्दा मला पटला, उगम सांगितलाच पाहिजे. पण सांगितल्यानंतरही क्लायंट घाबरून नकार देत असेल, तर तिच्या भीतीला आपण खतपाणी घालत नाही का? चिंतेच्या उपचारात टाळाटाळ वाढू द्यायची नसते, हे मीही वाचले आहे.

डॉ_मोरपीस

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. टाळाटाळ कमी करायची असते ती आजारामुळे आलेल्या भीतीची. विवेकाने दिलेला नकार हा आजार नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ स्पष्टपणे सांगतो की, एखादी व्यक्ती तिच्या समाजात रूढ असलेल्या मूल्यांशी किंवा धार्मिक समजुतींशी जुळत नाही, एवढ्यावरून तिला मानसिक आजार असल्याचे ठरवता येत नाही. तेच तत्त्व मी उलट बाजूनेही पाळतो: समुपदेशकांच्या वर्तुळात जे रूढ आहे त्याच्याशी क्लायंटची श्रद्धा जुळली नाही, म्हणून तिला ‘प्रतिकार’ म्हणू नये.

शिवाय नकाराने तिचे नुकसान होते हे गृहीतकही तपासायला हवे. २०१४ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या नियतकालिकात ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. माइंडफुलनेसने चिंता आणि नैराश्य काही प्रमाणात कमी होते असे त्यात दिसले, पण औषधे, व्यायाम किंवा इतर वर्तनोपचार यांसारख्या कोणत्याही सक्रिय उपचारापेक्षा ते सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, दिनक्रमात पुन्हा हालचाल आणणारे उपचार, स्नायू क्रमाने सैल करण्याचा व्यायाम आणि आवश्यक तेथे औषध, हे सारे हाताशी असताना माइंडफुलनेसचा आग्रह धरण्याचे वैद्यकीय कारण उरत नाही. ज्यांना गंभीर आघात झालेला आहे किंवा ज्यांना भास होतात, त्यांच्या बाबतीत डोळे मिटून दीर्घकाळ बसण्याने त्रास वाढू शकतो. मग क्लायंट ख्रिस्ती असो वा नसो.

दीपस्तंभ

मी हा उपचार स्वतः घेतला आहे, म्हणून सांगण्याचा अधिकार वाटतो. आमच्या घरी दोन्ही वेळ कौटुंबिक प्रार्थना होते. काही वर्षांपूर्वी माझ्या मनात देवाविषयी अत्यंत घाणेरडे विचार यायला लागले. जितके ढकलावे तितके ते वाढत. मी क्षमा मागायचो, क्षमा नीट मागितली गेली का याची शंका यायची, पुन्हा मागायचो. प्रभुभोजनाला जाण्याची भीती वाटायला लागली.

ज्या समुपदेशकांकडे गेलो, त्या भल्या होत्या आणि त्यांना माझ्या श्रद्धेचा आदर करायचा होता. म्हणून त्यांनी श्वासाच्या व्यायामाला ख्रिस्ती रूप दिले: श्वास घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘दया कर’. परिणाम उलटा झाला. एखादा श्वास शब्दांशिवाय गेला की मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचो. प्रार्थनाच माझ्यासाठी साखळी झाली. पुढे दुसऱ्या तज्ज्ञांनी आजाराचे नाव सांगितले आणि उपचार बदलले. त्या उपचारात साधा, कोणत्याही धार्मिक शब्दांशिवायचा माइंडफुलनेसचा भाग होता: विचार आला, तो विचार आहे, मी त्याला उत्तर देणार नाही. शालोमताईंनी लिहिलेली भीती मलाही होती, की हा पश्चात्ताप टाळणे तर नाही? आमच्या पाळकांशी बोललो, तेव्हा ते म्हणाले, की इच्छेविरुद्ध आलेल्या विचाराचा पश्चात्ताप करायचा नसतो, आणि मग मला सराव जमायला लागला.

डॉ_मोरपीस

दीपस्तंभजी, आपण लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. हा अनुभव प्रत्येक समुपदेशकाने वाचावा असा आहे. धार्मिक स्वरूपाच्या ओसीडीत, म्हणजे नको ते विचार आणि ते शमवण्यासाठी पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या क्रिया यांच्या आजारात, क्षमायाचना, कबुली आणि प्रार्थना हीच क्रिया होऊन बसते आणि तिला रोखणे हाच उपचाराचा गाभा असतो. म्हणून ‘ख्रिस्ती आहे ना, मग व्यायामाला प्रार्थनेचे रूप देऊ’ हा सद्हेतूने केलेला बदल येथे घातक ठरतो. आधी निदान, मग रूप.

इग्नेशियसचा उल्लेख वर आला आहे. १५२२ साली मान्रेसा येथे त्यांना हाच छळ झाला होता. जुनी पापे पुन्हा पुन्हा कबूल करूनही समाधान होईना, जीव देण्याचे विचारही आले. शेवटी, झालेल्या पापांची पुन्हा कबुली द्यायची नाही, असे त्यांनी ठरवले आणि ते त्यातून बाहेर पडले. आज आम्ही उपचारात जे करतो, त्याच्याशी ते किती जुळते, याचे मला नेहमी नवल वाटते, आणि कॅथलिक रुग्णांना ही हकीकत सांगितली की त्यांना धीर येतो.

सायली_इंदूर

सर्वांचे आभार. दीपस्तंभजींचे लेखन मी छापून माझ्या टेबलावर ठेवणार आहे, त्यांची हरकत नसेल तर. त्यावरून पुढचा प्रश्न असा: ओसीडी नाही, साधी चिंता आहे, आणि क्लायंटला स्वतःलाच प्रार्थनेची जोड हवी आहे, अशा वेळी मी स्वतः ख्रिस्ती नसताना ती जोड देऊ शकते का? की ख्रिस्ती समुपदेशकाकडे पाठवावे?

नवलखाकर

सायलीताई, यावर एक उत्साह वाढवणारा अभ्यास आहे. रिबेका प्रॉप्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये नैराश्य असलेल्या धार्मिक ख्रिस्ती क्लायंटवर साधी कॉग्निटिव्ह थेरपी आणि ख्रिस्ती आशय जोडलेली थेरपी यांची तुलना केली. ख्रिस्ती आशयाची थेरपी देणाऱ्यांत सर्वांत चांगले परिणाम दिसले ते स्वतः धार्मिक नसलेल्या थेरपिस्टांचे. म्हणजे श्रद्धा वेगळी असणे हा अडथळा नाही. मात्र तो आशय आपण रचू नये. वचन कोणते घ्यायचे, प्रार्थना कोणती, हे क्लायंटने सांगावे, आपण फक्त ती कधी आणि कशासाठी वापरायची हे तिच्याबरोबर ठरवावे. अलीकडे अमेरिकेत इव्हँजेलिकल विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासातही ख्रिस्ती रूप दिलेल्या माइंडफुलनेसचा परिणाम नेहमीच्या रूपापेक्षा चांगला दिसला. तो अभ्यास लहान होता, तरी दिशा दाखवतो.

पहिल्या किंवा दुसऱ्या सेशनमध्ये मी साधारण असे सांगत असे: ‘लक्ष देण्याचा एक व्यायाम आहे. त्याचा उगम बौद्ध परंपरेत आहे, आता तो रुग्णालयांत धार्मिक विधींशिवाय शिकवला जातो. काही ख्रिस्ती लोकांना तो चालतो, काहींना चालत नाही. याच त्रासावर दुसरे उपायही आहेत आणि तेही चांगले आहेत. तुम्ही घरी विचार करा, हवे तर तुमच्या पाळकांना किंवा फादरना विचारा, आणि पुढच्या वेळी सांगा.’ पुढच्या वेळेपर्यंत थांबणे फार महत्त्वाचे आहे. समोरासमोर लगेच विचारले की शालोमताई म्हणतात तसा ‘बरं’ मिळतो.

राजवाडा_७७

एवढी काळजी घेण्यात वेळ जातो आणि ज्यांना तातडीची गरज आहे ते मागे राहतात, ही माझी चिंता अजून कायम आहे. पण दीपस्तंभजींचा अनुभव वाचून, व्यायाम सर्वांना सारखाच लागू पडतो हे माझे म्हणणे मी मागे घेतो.

विश्वामित्रीकाठ

पाळकांना किंवा फादरना विचारा, या सूचनेत एक सावधगिरी हवी. विचारायचे ते क्लायंटने. समुपदेशकाने परस्पर फोन करू नये. आमच्यासारख्या लहान समाजात सर्वजण एकमेकांना ओळखतात. रविवारी मिस्सा झाल्यावर दारात कोणी ‘आता कशी आहेस?’ असे सूचक विचारले, तर ती मुलगी पुन्हा कधीही उपचार घेणार नाही.

डॉ_मोरपीस

पूर्ण सहमत. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नेही गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. क्लायंटची लेखी संमती असेल तरच, आणि तिने ठरवलेल्या मर्यादेतच बोलावे.

लष्करची_शिक्षिका

शाळेच्या बाजूने विचारते. आमच्याकडे प्रार्थनेनंतर सगळ्या वर्गांना एकत्र बसवून असे व्यायाम घेतले जातात. तेथे प्रत्येक मुलाला घरी विचारून ये, असे सांगणे शक्य नसते. काय करावे?

शालोम_इंदूर

ताई, सामूहिक कार्यक्रमात दोनतीन गोष्टी केल्या तरी पुष्कळ होते. घंटा, ओंकार आणि हात जोडण्याची मुद्रा काढून टाकावी. डोळे उघडे ठेवले तरी चालतील, असे सर्वांनाच सांगावे, म्हणजे कोणी एकटे उठून दिसणार नाही. त्या वेळात ज्याला मनातल्या मनात आपली प्रार्थना म्हणायची आहे त्याने ती म्हणावी, हेही सर्वांसमोर सांगावे. ते वाक्य मुसलमान आणि जैन मुलांनाही उपयोगी पडेल. पालकांना वर्षाच्या सुरुवातीला एक पत्र द्यावे, ज्यात व्यायाम नेमका काय आहे आणि तो कोठून आला हे लिहिलेले असेल.

सायलीताईंना एक विनंती. आमच्या मंडळीत बायकांची दर आठवड्याला सहभागिता, म्हणजे प्रार्थनेची बैठक, असते. तेथे येऊन आपण नैराश्याबद्दल, औषधांबद्दल आणि या व्यायामाबद्दल बोलावे आणि बायकांना हवे ते विचारू द्यावे, असे मी पाळकांपुढे मांडते. कोणाला उपचाराला बोलावण्यासाठी नको, केवळ माहितीसाठी. क्लिनिकमध्ये जे विचारायला जीभ रेटत नाही, ते आपल्या जागेत, आपल्या माणसांत बसून विचारता येते.

सायली_इंदूर

अवश्य येईन. नवलखाकरजी, आपले ते निवेदन मला हिंदीतही हवे आहे, कारण झाबुआकडून येणाऱ्या माझ्या क्लायंटना मराठी समजत नाही. आपण मसुदा करून दिलात, तर मी तो शालोमताईंना आणि महूकरजींना दाखवून मगच वापरायला घेईन.

महूकर

जरूर पाठवा. उगमाबद्दलचे वाक्य मी तपासून देतो.